प्लग तापतोय, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतात मोठा एमसीबी बसवू. ऐकू का?

ओलीवाट (सकाळी ९:१२)

थोडी घाई आहे म्हणून लगेच धागा काढते आहे.

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक बोर्ड आहे. त्यावर मोठ्या पिनेचं एक सॉकेट आणि लहान पिनेची दोन. मोठ्यावर इंडक्शन शेगडी असते. लहान एकावर मायक्रोवेव्ह आहे, त्याचा प्लग मोठ्या पिनेचा असल्यामुळे मध्ये कन्व्हर्जन प्लग लावलाय. दुसऱ्यावर मिक्सर असायचा, पण महिन्यापूर्वी छोटा ओव्हन आणला, आता तिथे तो असतो. त्यालाही तसाच कन्व्हर्जन प्लग.

ओव्हन आल्यापासून तिन्ही एकदम चालू असली की वीस-पंचवीस मिनिटांनी एमसीबी (जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा खटका) पडतो. परवा मायक्रोवेव्हचा प्लग काढायला गेले तर बोटांना चटका बसला. एक पिन काळपट झाली आहे आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय.

काल इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी बघून सांगितलं, "लोड वाढलाय. १६ अँपियरचा एमसीबी काढून ३२ चा टाकतो, परत पडणार नाही." उद्या सकाळी येणार आहेत. घरात बाकीच्यांना ते पटलंय. एमसीबी पडायचा थांबेल हे मलाही कळतं, पण प्लग का तापतो हे मी विचारलं तर त्याला उत्तर मिळालं नाही. म्हणून मन धजत नाही.

इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्हच्या मागे १२५० लिहिलंय, ओव्हन १५००. पुरवठा नेहमीचा, २३० व्होल्ट. त्यांना थांबवू का?

तारकरी (सकाळी ९:४०)

थांबवा.

आणि आत्तापासून मायक्रोवेव्ह आणि ओव्हन त्या लहान सॉकेटवर लावू नका. ज्या भोकाभोवती डाग पडलाय त्या सॉकेटचं बटण बंद ठेवा, त्यात मोबाइलचा चार्जरसुद्धा नको. बाकीचं रात्री नीट लिहितो, कामावर आहे.

खिंडवारा (सकाळी ११:०५)

एवढं घाबरायचं कारण मला दिसत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या लाइनवर सात वर्षांपासून ३२ चा एमसीबी आहे, एकदाही काही झालेलं नाही. आणि ब्रिटनमध्ये तर घरोघरी सॉकेटच्या सर्किटला ३२ अँपियरचंच संरक्षण असतं. तिथे चालतं तर इथे का चालू नये? लोडच्या मानाने एमसीबी लहान असेल तर तो पडणारच, आणि मग तो बदलणं हाच उपाय.

पाचुंदा (दुपारी १:३०)

मायक्रोवेव्हच्या आकड्याबद्दल विचारते. माझ्या मायक्रोवेव्हच्या दारावर ८०० वॅट लिहिलंय. म्हणजे माझा ओलीवाट यांच्यापेक्षा बराच कमी वीज घेतो असं समजायचं का?

सांजवेळ (दुपारी १:५२)

@पाचुंदा, नाही. दारावरचे ८०० म्हणजे आत ठेवलेल्या पदार्थाला मिळणारी शक्ती. भिंतीतून तो त्याहून बराच जास्त ओढतो. मागच्या पत्र्यावर किंवा दाराच्या कडेला आत एक छोटी पट्टी असते, तिच्यावर 'इनपुट' म्हणून वेगळा आकडा असतो. ८०० च्या मायक्रोवेव्हला तो साधारण १२०० ते १३०० च्या घरात निघतो. हिशेब त्या आकड्याने करायचा. ओलीवाट यांनी मागचा आकडा दिलाय, तो बरोबर आहे.

तारकरी (रात्री ९:१८)

आता सविस्तर लिहितो. घरांच्या वायरिंगचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलं, आता तपासणीचं करतो. मोठा एमसीबी टाकून गप्प केलेली आणि पुढे आतून करपलेली वायर मी इतक्या वेळा उघडून पाहिली आहे की हा विषय निघाला की मला राहवत नाही. लांबलं तर समजून घ्या.

आधी आकडे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर मिळतात. इंडक्शन २००० भागिले २३० म्हणजे ८.७. मायक्रोवेव्ह ५.४. ओव्हन ६.५. तिन्ही मिळून २०.६ अँपियर. एमसीबी १६ चा. मग तो लगेच न पडता वीस मिनिटांनी का पडतो? कारण त्याची रचनाच तशी आहे. आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती प्रवाहाने तापून हळूहळू वाकते आणि खटका सोडते. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला त्याने तासभर पडायचं नाही, आणि १.४५ पट प्रवाहाला मात्र तासाच्या आत पडायलाच हवं. १६ च्या एमसीबीसाठी याचा अर्थ १८ अँपियरला तासभर तग धरायची, २३ ला तासाच्या आत पडायचं. तुमचा प्रवाह दोन्हींच्या मधला आहे. म्हणजे तुमचा एमसीबी बिघडलेला नाही, तो नेमून दिलेलं काम करतोय.

हे काम कशासाठी नेमलेलं आहे? भिंतीतल्या वायरसाठी. खूप जणांना वाटतं की एमसीबी मिक्सर-ओव्हन वाचवायला असतो. तसं नाही. पाइपातून गेलेली २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर साधारण २० अँपियरच्या आसपास निभावते. पाइपात किती वायरी कोंबल्या आहेत आणि भिंत किती तापते यावर ते कमीजास्त होतं. आता तिच्यावर ३२ चा एमसीबी बसवा. तोच १.१३ चा हिशेब लावला तर ३६ अँपियर तासभर वाहिले तरी तो पडणार नाही. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. २० च्या जागी ३६ म्हणजे प्रवाह १.८ पट आणि उष्णता सव्वातीन पट. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. त्यापुढे ते मऊ पडतं, वर्षानुवर्षं तसंच तापत राहिलं तर कडक होऊन तडकतं. हे सगळं प्लास्टरच्या आत चालतं, बाहेरून काही दिसत नाही.

ही झाली इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्यातली एक चूक. दुसरी त्याहून मोठी आहे, आणि ओलीवाट, तुमचा प्रश्न नेमका तिच्यावरच आहे. प्लग का तापतो?

प्लगची पिन आणि सॉकेटमधली पितळी पकड जिथे एकमेकींना टेकतात तिथला अवरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, नव्या, घट्ट सॉकेटमध्ये नगण्य असतो. पकड सैल झाली, पिनेवर गंज किंवा काजळी बसली की तो वाढतो. समजा तो ०.३ ओहम झाला. मायक्रोवेव्हचा प्रवाह ५.४. वर्ग करून ०.३ ने गुणा. पावणेनऊ वॅट येतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डाख लावायची लहान सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॅटची असते. तिच्या निम्मी उष्णता तुमच्या सॉकेटमध्ये, हरभऱ्याएवढ्या जागेत, बाहेर पडायला वाट नसताना तयार होते आहे. तापली की पितळेची लवचीकता जाते, पकड आणखी सैल होते, अवरोध आणखी वाढतो. म्हणून असं सॉकेट आपणहून कधी सुधारत नाही, ते वाईटच होत जातं.

आणि इतकं होत असताना प्रवाह किती? ५.४ च. त्यामुळे एमसीबीला यातलं काहीही कळत नाही. १६ चा असो, १० चा असो, जळणारा सांधा त्याला दिसत नाही. तो फक्त प्रवाह मोजतो. ३२ चा टाकला तर आज जी अधूनमधून विश्रांती त्या सांध्याला मिळते आहे तीही जाईल, कारण आता तिन्ही उपकरणं तासन्‌तास चालतील.

कन्व्हर्जन प्लगबद्दल. लहान पिनेचं सॉकेट ६ अँपियरचं असतं. तुमचा ओव्हन ६.५ घेतो, तिथेच मर्यादा ओलांडली. मायक्रोवेव्ह ५.४ म्हणजे काठावर, आणि मध्ये कन्व्हर्जन प्लग आल्याने प्रत्येक पिनेमागे टेकण्याची आणखी एक जागा वाढली. शिवाय जड प्लग त्याच्यावर लोंबकळतो, त्याने सॉकेटची पकड एका बाजूने उघडते. उपकरणाला कंपनीने मोठी पिन दिलेली असते ती मोठ्या सॉकेटसाठी. ती लहानात घुसवायची सोय बाजारात मिळते, पण तापणाऱ्या कुठल्याही उपकरणासाठी ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

@खिंडवारा, ब्रिटनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण अर्धं. तिथे ३२ च्या सर्किटवर वायर एमसीबीच्या मुख्य बोर्डापासून निघून सगळ्या सॉकेटांना भेटून पुन्हा बोर्डात येते. म्हणजे प्रत्येक सॉकेटला वीज दोन बाजूंनी मिळते आणि प्रवाह वाटला जातो. आणि १९४७ च्या प्रमाणापासून तिथल्या प्रत्येक चौकोनी पिनेच्या प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो, जास्तीत जास्त १३ अँपियरचा. आपल्या गोल पिनेच्या प्लगमध्ये असा फ्यूज नसतो आणि आपली लाइन एकाच बाजूने येते. तुमच्या घरी वायर कितीची आहे ते एकदा पाहून सांगाल का? ४ चौरस मिमीची असेल तर गोष्ट वेगळी.

निरगुडी (रात्री १०:०२)

तारकरी, हे वाचून उठून आमच्या किटलीचा प्लग हात लावून पाहिला. कोमट लागला. कोमट चालतो का?

तारकरी (रात्री १०:१५)

@निरगुडी, मोठी किटली पूर्ण भरून उकळल्यावर प्लग किंचित कोमट लागणं समजू शकतो. हात ठेवून राहवत नसेल, एकच पिन दुसरीपेक्षा गरम लागत असेल, डाग किंवा खारवट-मासळीसारखा वास येत असेल, तर लगेच वापर थांबवा. तो वास तापलेल्या प्लास्टिकचा असतो. कित्येक घरांत लोक तो वास आला की सिंकखाली शोधत बसतात.

हात लावायचा तो बटण बंद करून, प्लग बाहेर काढून.

उंबरझाड (रात्री १०:४०)

माझा अनुभव लिहिते. काळजीपोटीच लिहिते आहे, कुणाला भिववायला नाही.

आमच्याकडे बोर्ड लांब पडायचा म्हणून एक्स्टेंशन बोर्डावर टोस्टर आणि किटली चालायची. जास्तीची वायर गुंडाळून रबर लावून मायक्रोवेव्हच्या मागे खोचलेली. एका सकाळी ती गुंडाळी आतून वितळलेली सापडली. वेढे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता. ज्योत आली नाही हे नशीब. वायर नवी होती, बोर्ड चांगल्या दुकानातला होता. माझी मुलगी तिथेच उभी राहून डबा भरायची.

तारकरी (रात्री १०:५५)

@उंबरझाड, हे लिहिलंत ते फार बरं झालं. गुंडाळलेल्या वायरीला उष्णता सोडायला हवा मिळत नाही. सुट्या ठेवल्यावर जो प्रवाह ती सहज वाहते, तोच गुंडाळीत तिला वितळवतो. बहुतेक एक्स्टेंशन बोर्डांची दोरी ०.७५ किंवा १ चौरस मिमीची असते. टोस्टर आणि किटली मिळून १० अँपियर सहज होतात. एक्स्टेंशन बोर्ड मिक्सरला तात्पुरता चालेल. इंडक्शन, किटली, ओव्हन, टोस्टर, एअर फ्रायर यांच्यासाठी नाही.

सुपारीफूल (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:५०)

थोडा वेगळा प्रश्न आहे, पण स्वयंपाकघरातलाच. अनवाणी उभं राहून फ्रिजच्या दाराला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. टेस्टर लावला तर अंधुक पेटतो. सगळे म्हणतात, जुन्या फ्रिजला होतंच असं. आईंचं वय झालंय, त्या दिवसातून वीस वेळा फ्रिज उघडतात.

तारकरी (सकाळी ८:२०)

@सुपारीफूल, याला होतंच असं म्हणून सोडू नका. आज पाहून घ्या, आणि तोवर आईंना चप्पल घालायला सांगा. शक्य असेल तर तो फ्रिज अर्थ (गळणारी वीज जमिनीत नेणारी वायर) चालू असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर हलवा.

झिणझिण्या येतात म्हणजे फ्रिजच्या पत्र्याला अर्थ मिळत नाही. प्लगची अर्थ पिन मोडली असेल, सॉकेटमागे हिरवी वायर जोडलीच नसेल, किंवा कुठे तुटली असेल. काही वेळा उपकरणातल्या छोट्या फिल्टरमधून जे किरकोळ झिरपतं तेवढंच अंगाला जाणवतं. काही वेळा आतल्या कॉम्प्रेसरचं वेष्टन खरंच गेलेलं असतं. हाताला दोन्ही सारखंच लागतं, त्यामुळे हाताने निदान होत नाही. अर्थ असती तर पहिल्या बाबतीत काही जाणवलंच नसतं, आणि दुसऱ्या बाबतीत एमसीबी किंवा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) पडून तुम्हाला कळलं असतं.

तुमच्या बोर्डात आरसीसीबी आहे का? दिसायला एमसीबीपेक्षा रुंद असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० एमए असा आकडा.

सुपारीफूल (सकाळी ८:४५)

नाही. फक्त अरुंद एमसीबी आहेत, सहा. प्लग काढून पाहिला, वरची जाड पिन कापलेली आहे. आधीच्या भाडेकरूंनी दोन भोकांच्या सॉकेटसाठी कापली असावी, फ्रिज त्यांच्याकडूनच घेतला होता.

तारकरी (सकाळी ९:०५)

मग कारण सापडलं. ती पिन जाड आणि लांब असते ती मुद्दाम. लांब असल्यामुळे प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. ती कापली की उरलेला प्लग काम करत राहतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

नवा थ्री-पिन प्लग बसवून घ्या, सॉकेटमागे अर्थ खरोखर येते का ते मोजून घ्या, आणि आरसीसीबी लावून घ्या. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपियर झाला की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात तोडतो, मोठी गळती असेल तर त्याहून खूप लवकर. माणसाच्या हाताचे स्नायू १० मिलिअँपियरच्या आसपास आखडतात आणि पकड सोडवत नाही. १६ चा एमसीबी पडायला लागणारा प्रवाह याच्या हजारपटीहून जास्त आहे. माणसाला वाचवायची जबाबदारी एमसीबीवर टाकता येत नाही ती यामुळे.

एक फार महत्त्वाचं. कुणी म्हणेल, अर्थ येत नाही तर सॉकेटमध्ये न्यूट्रलमधूनच (प्रवाह परत नेणाऱ्या वायरीतून) एक तुकडा अर्थच्या भोकाला जोडतो, झिणझिण्या जातील. त्या जातीलही. पण पुढे कधी न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की फ्रिजचा अख्खा पत्रा २३० व्होल्टवर येईल. हे कुणालाही करू देऊ नका.

पाचुंदा (सकाळी १०:१०)

आरसीसीबी आमच्याकडे आहे, पण तो वरचेवर पडायचा म्हणून तो काढून थेट जोडणी करून ठेवली आहे. चूक आहे हे कळतंय आता. तो सारखा पडतो म्हणजे खराब असेल का?

सांजवेळ (सकाळी १०:४५)

@पाचुंदा, आमच्याकडेही हे झालं होतं. आधी सगळे प्लग काढा, आरसीसीबी चढवा आणि एकेक उपकरण लावत जा. आमच्याकडे दोषी निघाली ती जुनी पाण्याची किटली, तिच्या तापणाऱ्या कॉइलमध्ये ओल शिरली होती. आरसीसीबी बरोबरच सांगत होता, आम्ही त्यालाच नावं ठेवत होतो.

तारकरी (दुपारी १२:३०)

सांजवेळ यांची पद्धत बरोबर आहे. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोन शक्यता बघायला सांगा. एक, भिंतीत कुठे ओल. दुसरी, दोन वेगवेगळ्या लाइनींचे न्यूट्रल एकत्र बांधलेले. एक लाइन आरसीसीबीमधून जाते आणि तिचा परतीचा प्रवाह दुसऱ्या न्यूट्रलने येतो, मग त्याला ती गळतीच वाटते. जुन्या घरांत हे फार सापडतं.

परत बसवल्यावर 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबत जा. मात्र ते बटण फक्त आतली यंत्रणा चालते का हे दाखवतं. घराची अर्थिंग चांगली आहे की नाही हे त्यातून कळत नाही. आणि अतिरिक्त लोड आरसीसीबीला कळत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओ मिळतो. जमत असेल तर फ्रिजच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ द्यावा असं मी सुचवतो, म्हणजे किटलीच्या दोषापायी फ्रिज रात्रभर बंद राहत नाही.

ओलीवाट (दुपारी ३:२०)

तारकरी, काल रात्री तुमचं सगळं वाचून इलेक्ट्रिशियनना फोन केला आणि येऊ नका म्हटलं. थोडी बोलाचाली झाली. घरी प्लग आणि सॉकेट सगळ्यांना दाखवले, ते सोल्डरिंगचं उदाहरण सांगितलं, तेव्हा पटलं. आता ओळखीतून दुसऱ्या परवानाधारक इलेक्ट्रिशियन परवा येणार आहेत.

तोपर्यंत मायक्रोवेव्हचा काळा पडलेला प्लग घरच्या घरी बदलू का? नवरा म्हणतो त्याला येतं. वायरीत तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा असे तीन रंग आहेत. भिंतीत तर लाल, काळा, हिरवा असतात ना?

तारकरी (दुपारी ४:१०)

मायक्रोवेव्हचा प्लग बहुतेक दोरीसकट साच्यात ओतलेला असतो. वॉरंटी असेल तर त्यांच्याकडूनच दोरी बदलून घ्या. मायक्रोवेव्हचं कव्हर मात्र घरी कुणीही उघडायचं नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो.

फक्त प्लग बदलायचा असेल तर तो जमण्यासारखा आहे. तपकिरी म्हणजे फेज (वीज आणणारी वायर), निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. इथे एक घोटाळा होतो तो लक्षात ठेवा. जुन्या थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेज असत आणि काळा न्यूट्रल. त्यामुळे भिंतीतली निळी वायर फेज असू शकते, उपकरणाच्या दोरीतली निळी न्यूट्रल असते. रंगावर विसंबून भिंतीतल्या वायरीला हात लावू नका.

काळवंडलेला भाग कापून स्वच्छ, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे या. तारा पीळ देऊन दुमडा आणि सगळ्याच्या सगळ्या स्क्रूखाली जाऊ द्या. चार तारा बाहेर राहिल्या तर त्या दुसऱ्या पिनेला टेकतात. टोकाला शिसं-कथिलाचा डाख लावून मग स्क्रूखाली आवळायची पद्धत काही जण वापरतात, ती नको. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि पुन्हा तोच तापणारा सांधा तयार होतो. अर्थची वायर आत थोडी ढिली, इतर दोघींपेक्षा लांब ठेवा. दोरी ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. दोरीचं बाहेरचं जाड वेष्टन पकडपट्टीखाली आलंच पाहिजे, ओढ तिथे अडली पाहिजे.

सॉकेटला मात्र परवापर्यंत हात लावू नका. नवा प्लग भाजलेल्या सॉकेटमध्ये घातला तर तोही महिन्याभरात तसाच होईल. बदलायचे ते दोन्ही.

निरगुडी (संध्याकाळी ६:३०)

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही असं धरून मी आजवर बल्बचे होल्डर बदलत आले आहे. हे बरोबर आहे ना?

तारकरी (संध्याकाळी ७:००)

नाही. टेस्टरचा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहावर पेटतो. लाकडी स्टुलावर उभ्या असाल, उजेड जास्त असेल किंवा टेस्टरच बिघडला असेल तर तो पेटलेला दिसत नाही. आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर पेटतो का पाहा, मग बंद केलेल्या जागी तपासा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. तिन्ही वेळा अपेक्षित उत्तर मिळालं तरच पुढे जा. आणि भिंतीवरच्या बटणावर नव्हे, एमसीबीच्या मुख्य बोर्डावरून वीज तोडा. कुठे कुठे बटण न्यूट्रलमध्ये बसवलेलं असतं. मग बटण बंद असतं आणि होल्डर जिवंत.

खिंडवारा (रात्री ८:१५)

तारकरी, तुम्ही विचारलं म्हणून आज माणूस बोलावून बोर्ड उघडून घेतला. बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत ४ चौरस मिमी आहे. पण पहिल्या सॉकेटपासून पुढच्या दोन सॉकेटांना जोडलेल्या वायरी १.५ च्या निघाल्या. म्हणजे ३२ चा एमसीबी १.५ च्या वायरीचं रक्षण करायला बसवलेला होता. सात वर्षांत काही झालं नाही ते त्या दोन सॉकेटांवर मिक्सरखेरीज काही लावलं नाही म्हणून. परवाच मी तिथे एअर फ्रायर लावायचं ठरवलं होतं.

ओलीवाट, काल मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला. माफ करा.

तारकरी (रात्री ८:४०)

@खिंडवारा, उघडून बघितलंत यातच सगळं आलं. लाइनीत जी वायर सगळ्यात बारीक, एमसीबीचा आकडा तिच्यावरून ठरतो. १.५ चे तुकडे काढून ४ चे टाका आणि एमसीबी २५ वर आणा. ते होईपर्यंत एअर फ्रायर पहिल्याच सॉकेटवर.

ओलीवाट (चार दिवसांनी, सकाळी ११:३०)

काम झालं. काय सापडलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल.

सॉकेट उघडलं तर फेजच्या स्क्रूला जवळजवळ एक फेरा ढिलाई होती. वायरीचं वेष्टन दोन बोटं लांबीपर्यंत कडक होऊन, नखाने दाबल्यावर पापडासारखं तुटत होतं. मोठ्या सॉकेटपासून लहान सॉकेटांना दिलेला तुकडा १ चौरस मिमीचा होता. त्यावरून ओव्हन आणि मायक्रोवेव्ह दोन्ही, म्हणजे १२ अँपियर, जात होते. आणि बोर्डात त्या एमसीबीच्या खालचा स्क्रूही सैल निघाला. त्यांनी सांगितलं की त्या सांध्याची उष्णता एमसीबीच्या आत शिरते, म्हणून तो थोडा लवकर पडत असावा.

भिंतीतली मुख्य वायर २.५ ची, सुदैवाने शाबूत. तिच्यावर १६ चाच एमसीबी ठेवला आणि ती फक्त इंडक्शनला दिली. मायक्रोवेव्ह-ओव्हनसाठी २.५ ची दुसरी लाइन ओढली, दोन मोठी सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी. मिक्सर आणि किटलीसाठी तिसरी. सगळ्यांवर आरसीसीबी. सॉकेट सिंकपासून दूर सरकवलं, आणि ओव्हनच्या मागे लपलेल्या सॉकेटचं बटण ओट्याच्या वर घेतलं, म्हणजे धूर दिसला तर ओव्हन न ओढता वीज तोडता येईल. हे त्यांनी आपणहून सुचवलं. दोन दिवस भिंत फोडलेली होती, धूळ पुसून दमले.

आज सकाळी तिन्ही उपकरणं पाऊण तास एकदम चालवली. बटण बंद करून प्लग काढले आणि पिनांना हात लावून पाहिला. गार होत्या.

सुपारीफूल (दुपारी १२:०५)

आमच्याकडेही प्लग बदलला, अर्थ मोजून घेतली, आरसीसीबी बसला. आई आज सकाळी अनवाणीच फ्रिजपाशी गेल्या. दार उघडून मला हाक मारून म्हणाल्या, आज काही होत नाहीये गं.

निरगुडी (दुपारी १२:४०)

तारकरी, शेवटचं एक. भांडी धुण्याचं यंत्र घ्यायचं आहे. त्यावर २१०० वॅट लिहिलंय. किटलीच्या लाइनवर चालेल?

तारकरी (दुपारी १:१५)

पाणी तापवताना ९ अँपियरच्या वर घेईल, किटलीचे साडेसहा धरले तर १६ च्या अगदी कडेला जाल. त्याला स्वतंत्र लाइन द्या. सॉकेट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात, जमिनीपासून वर घ्या. पाइप गळला तर पाणी सगळ्यात आधी मागेच साचतं.